पल्ला, नेम आणि पैसा : १८५७च्या एका तक्त्यावरून

लांब पल्ल्याची रायफल आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण निवडायची आहे, खिशात पैसे मोजकेच आहेत. आधी कशावर खर्च कराल? नळीवर, भिंगांवर, काडतुसांवर की सरावावर?

तुमच्यापैकी कुणी बंदूक घ्यायला निघालेलं नाही, हे मला माहीत आहे. पण पीएच.डी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात कधीतरी गाईड एक आकडा सांगतात आणि म्हणतात, "एवढ्यात बसवा." मग आपण तीन कंपन्यांची माहितीपत्रकं शेजारी-शेजारी ठेवतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे डोळे जातात. रायफलींच्या बाबतीत हा खेळ एकोणिसाव्या शतकात सरकारी पातळीवर, जाहीरपणे, आकडे छापून खेळला गेला. आणि त्याचे धागे मुंबई इलाख्याच्या फौजेपर्यंत, अगदी पनवेलजवळच्या एका गावापर्यंत येतात. मी पदार्थविज्ञानातून विज्ञानाच्या इतिहासाकडे आले, त्यामुळे असा तक्ता दिसला की आधी त्याच्याशी गणित करून बघायची खोड आहे. आज तेच करू.

तक्ता असा. एप्रिल १८५७, इंग्लंडमधलं हाइथ हे गाव. तिथे १८५३पासून सैनिकांना नेमबाजी शिकवणारी सरकारी शाळा होती. दोन रायफली टेकूवर ठेवून उडवल्या गेल्या. एक होती ब्रिटिश फौजेची नेहमीची १८५३ नमुन्याची एन्फिल्ड: नळीचा व्यास ०.५७७ इंच, आत तीन सर्पिल खाचा, ७८ इंचांत एक पूर्ण वळसा. दुसरी मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थची: व्यास फक्त ०.४५१ इंच, नळीचं भोक गोल नसून षट्कोनी, आणि २० इंचांतच पूर्ण वळसा. गोळीचं वजन दोन्हींचं सारखंच, ५३० ग्रेन. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्यांचं सरासरी विचलन २.२४ फूट आलं, व्हिटवर्थचं ०.३७ फूट. म्हणजे सहापट फरक. १४०० यार्डांवर तर एन्फिल्डची मोजणीच सोडून द्यावी लागली, व्हिटवर्थ तिथेही गोळ्या पोचवत होती.

हा व्हिटवर्थ कोण, हेही बघा. मुळात बंदुका बनवणारा नव्हेच. स्क्रूच्या आट्यांचं प्रमाणीकरण आणि अतिसूक्ष्म मोजमाप ही त्याची ओळख. १८५४ साली सरसेनापती लॉर्ड हार्डिंज यांनी त्याला रायफलीचा प्रश्न घातला, तेव्हा त्याने सरळ सांगितलं की आधी मला प्रयोगाला जागा द्या. मग सरकारी खर्चाने त्याच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी उभी राहिली, वारा आत येऊ नये म्हणून. वाटेत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे लावायचे आणि गोळीने पाडलेल्या भोकांवरून तिचा मार्ग काढायचा. एक राशी बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या. तुम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवतात तेच.

इतकं सगळं होऊन सरकारने व्हिटवर्थची रायफल फौजेसाठी घेतली नाही. का? ती एन्फिल्डच्या सुमारे चौपट महाग पडत होती, अरुंद नळीत दारूची काजळी लवकर साचून गोळी ठासणं जड जाई, आणि एवढी लहान नळी युद्धासाठी योग्य नाही असं तज्ज्ञ समितीचं म्हणणं होतं. लोकप्रिय पुस्तकांत हा प्रसंग "बाबूशाहीने प्रतिभेचा गळा घोटला" अशा थाटात येतो. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते त्याच तक्त्यातून दाखवता येतं.

पहिली गोष्ट, "सरासरी विचलन" म्हणजे काय ते नीट वाचा. गोळ्यांच्या घोळक्याचा मध्य काढायचा आणि त्या मध्यापासून प्रत्येक गोळी किती लांब पडली त्याची सरासरी घ्यायची. लक्ष्यापासूनचं अंतर इथे मोजलेलंच नाही. सगळ्या गोळ्या लक्ष्याच्या दहा फूट डावीकडे एकाच ठिकाणी पडल्या, तरी हा आकडा उत्तमच येईल. म्हणजे तक्ता सांगतो तो फक्त बंदूक आणि काडतूस यांचा विखुरलेपणा. बंदुकीमागे माणूस आहे, त्याला डोळे आहेत, त्याला अंतराचा अंदाज करायचा आहे, मध्ये वारा आहे, यातलं काहीही तक्त्यात नाही.

आता हे विचलन कोनात बदलू, कारण अंतर बदललं तरी कोन तुलनेला सोपा राहतो. ५०० यार्ड म्हणजे ४५७ मीटर. तिथे एक मिनिटाचा कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण १३ सेंटिमीटर. व्हिटवर्थचे ०.३७ फूट म्हणजे ११ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ०.८५ मिनिट. एन्फिल्डचे २.२४ फूट म्हणजे ६८ सेंटिमीटर, ५.१ मिनिटं. आणि निरोगी माणसाच्या डोळ्याची विभेदनक्षमता किती? सुमारे एक मिनिट. १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, एक मिनिट २६-२७ सेंटिमीटर होतं. हे अंतर डोळ्यासमोर आणायचं तर बारा डब्यांची लोकल आठवा, ती साधारण अडीचशे मीटरची. आमच्या द्रोणागिरी स्टेशनात उभी असलेली गाडी, तिच्यामागे आणखी एक, आणखी एक, आणि चौथीचा बराचसा भाग. त्या पलीकडच्या टोकाला उभा माणूस. त्यात आमच्याकडे खाडी आणि मिठागरांवरून उठणारी दमट गरम हवा, सगळं लहरताना दिसतं. नेमबाज या लहरण्याला मृगजळच म्हणतात आणि त्याच्या झुकावावरून वारा वाचतात.

स्वतंत्र चुकांची बेरीज सरळ होत नाही. त्यांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. एन्फिल्डची ५.१ आणि डोळ्याची १, एकत्र ५.२ मिनिटं. आता त्या एन्फिल्डवर चौपट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवा, डोळ्याची चूक पाव मिनिटावर आली असं माना. एकूण किती? ५.१. दुर्बिणीचे सगळे पैसे पाण्यात. व्हिटवर्थवर मात्र गोष्ट उलटी. ०.८५ आणि १ मिळून १.३ मिनिटं, दुर्बीण लावल्यावर ०.९. म्हणजे एकूण चूक जवळपास एक तृतीयांशाने घटली. तीच दुर्बीण, तीच किंमत, एका बंदुकीवर शोभेची आणि दुसरीवर कामाची. हा हिशेब ढोबळ आहे, पण खर्चाचा क्रम ठरवायला ढोबळ हिशेब पुरतो: सगळ्यात मोठ्या चुकीवर आधी पैसे घाला, लहान चूक कितीही आकर्षक उपकरणाने दुरुस्त होत असली तरी.

मग सगळ्यात मोठी चूक कोणती होती? ती रायफलीत नव्हतीच. एन्फिल्डची गोळी मंद, तिचा मार्ग चांगलाच कमानदार. ६०० यार्डांवर ती बरीच तिरकी होऊन खाली येते. त्या अंतरावरचा शत्रू ६५० यार्डांवर आहे असं समजून मागची पट्टी लावली, तर गोळी साधारण माणसाच्या उंचीइतकी वरून जाते. दोन मीटर धरा, म्हणजे सुमारे १२.५ मिनिटं. हा आकडा आधीच्या गणितात घाला. एन्फिल्डसाठी एकूण १३.५, व्हिटवर्थसाठी १२.५. चौपट पैसे मोजून मिळालं काय, तर साडेतेराचे साडेबारा! (चोखंदळ वाचक म्हणतील की अंतराची चूक फक्त उभ्या दिशेत असते आणि व्हिटवर्थची कमान थोडी सपाट होती. दोन्ही खरं. निष्कर्ष फारसा हलत नाही.) म्हणून हाइथच्या शाळेत गोळी उडवण्याआधी अंतर ओळखायचे धडे असत. अमुक अंतरावर माणसाचा चेहरा दिसतो का, टोपी दिसते का, हे पुन्हा पुन्हा घोकून घेत. त्याला ना नवी नळी लागत होती, ना भिंग. मोजक्या पैशात पल्ला वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच होता. हजारो सैनिकांना एकसारखी बंदूक द्यायची असलेल्या खात्याने एन्फिल्ड ठेवली आणि शाळा चालवली, यात मूर्खपणा कुठे आहे ते मला तरी दिसत नाही.

व्हिटवर्थची जागा वेगळी होती. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या नेमबाजी मेळाव्याचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केलं तेच मुळी टेकूवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थची दोरी ओढून. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत. अंतर माहीत, लक्ष्य स्थिर, वेळ भरपूर. स्पर्धेत सगळ्यात मोठी चूक आधीच काढून टाकलेली असते, म्हणून तिथे उरलेल्या लहान चुकीवर खर्च करणं शहाणपणाचं.

आता त्या तक्त्याच्या तारखेकडे परत वळा. एप्रिल १८५७. त्याच महिन्याच्या २४ तारखेला मेरठला ८५ स्वारांनी काडतुसं हातात घ्यायला नकार दिला. काडतुसांना चरबी का लागत होती? नळीत खाचा असलेल्या ठासणीच्या बंदुकीत काजळी साचते आणि गोळी घट्ट बसत जाते. ती सरकावी आणि काजळी मऊ राहावी म्हणून वंगण. गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीत सैल गोळी टाकली तरी चालत होतं, तिला याची एवढी गरज नव्हती. म्हणजे वंगण ही लांब पल्ल्याचीच किंमत होती. ती कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नव्हती, कारण काडतूस दाताने तोडणाऱ्या माणसाचा धर्म हा रकाना कुणी आखलाच नव्हता. उपकरण परवडतं का हे विचारताना त्याचं रोजचं इंधन कोण, कशाने, कुणाच्या हातून भरणार हे विचारायचं राहून जातं. इथे त्याचं उत्तर सगळ्या उत्तर हिंदुस्थानाने दिलं, आणि ३१ जुलैला कोल्हापूरच्या २७व्या देशी पलटणीनेही दिलं. (चरबी हे बंडाचं एकमेव कारण होतं असं मी म्हणत नाहीये. परीक्षेत तसं लिहू नका.)

कोल्हापूरचा बंदोबस्त करायला धाडलेला अधिकारी होता जॉर्ज ला ग्रँड जेकब. त्याचा चुलत भाऊ जॉन जेकब आपल्या गोष्टीतलं दुसरं पात्र. मुंबईच्या तोफखान्यात १८२८ साली दाखल झालेला हा माणूस पुढे सिंधच्या सरहद्दीवर गेला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच. जिथे त्याने ठाणं वसवलं ते आजचं पाकिस्तानातलं जेकबाबाद. सपाट वाळवंट, आडवं काही नाही, २००० यार्डांपर्यंत लक्ष्यं मांडायला हवी तेवढी जागा. व्हिटवर्थला गॅलरी बांधावी लागली, याला निसर्गाने फुकट दिली. तिथल्या प्रयोगांतून आलेली जेकबची रायफल दुनळी होती, चार खोल खाचांची, आणि तिच्या मागच्या पट्टीवर तब्बल २००० यार्डांपर्यंतच्या खुणा.

दोन हजार यार्डांवर एक मिनिट म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त. दुर्बिणीशिवाय एकटा माणूस तिथे टिपणं ही थापच. जेकबलाही ते कळत होतं. त्याने लक्ष्यच बदललं: माणसाऐवजी तोफखान्याची दारूची गाडी. आणि गोळीत स्फोटक भरलं, म्हणजे ती गाडीला कुठेही लागली तरी पुरे, शिवाय कुठे पडली ते धुरावरून दिसणार. नेम सुधारणं परवडत नसेल तर लक्ष्य मोठं करा. अशा दोन पटाईत नेमबाजांनी एक अख्खी बॅटरी काही मिनिटांत निकामी करावी अशी त्याची कल्पना होती. डिसेंबर १८५८मध्ये तो वारला, त्याच्या नावाची "जेकब्ज रायफल्स" ही मुंबई फौजेची पलटण त्याच वर्षी उभी राहिलेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६८ साली, सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या युद्धात वापरू नयेत असं अनेक राष्ट्रांनी मान्य केलं, कारण गाडीसाठी केलेली गोळी शेवटी माणसाच्या शरीरात फुटणार हे उघड होतं. तांत्रिकदृष्ट्या जेकबची युक्ती देखणी आहे. ती वर्गात शिकवताना हा जाहीरनामा वगळणारी व्याख्यानं मी ऐकली आहेत आणि ती मला खटकतात.

दुर्बिणीचा धागाही मुंबई फौजेतलाच. डेव्हिड डेव्हिडसन हा स्कॉटिश अधिकारी या फौजेत नोकरीला होता आणि शिकारीचा नादी होता. बंदुकीवर दुर्बीण बसवण्याच्या त्याच्या खटपटीतून पुढे १८६०च्या दशकात व्हिटवर्थच्या रायफलीला डाव्या बाजूने लावायची दुर्बीण तयार झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या मोजक्या निशाणबाजांकडे हीच जोडी होती. मे १८६४मध्ये उत्तरेकडचा जनरल सेजविक दूरवरून आलेल्या गोळीने पडला, ती व्हिटवर्थची होती असं सर्रास मानलं जातं. लक्षात घ्या, दक्षिणेकडे पैशांची चणचण होती, तरी त्यांनी महागडी जोडी घेतली. पण मूठभर, निवडून काढलेल्या माणसांसाठी. बाकीच्या फौजेला एन्फिल्ड. वर केलेलं गणित त्यांनी कागदावर केलं नसेल, पण खरेदी मात्र त्याच्याशी जुळणारी होती.

इथवर "बजेट" म्हणजे पैसा असं आपण धरून चाललो. १८५७नंतरच्या हिंदुस्थानात ते धरता येत नाही. बंड मोडल्यावर देशी पलटणींना कोणती बंदूक द्यायची हा प्रश्न आला, तेव्हा एन्फिल्डचाच एक नमुना निघाला. बाहेरून हुबेहूब तीच, मात्र आतल्या खाचा काढलेल्या. नळी ०.६५६ इंचाची गुळगुळीत, मागची लांब पल्ल्याची पट्टी गेलेली, साधी ठरलेली खाच उरलेली. अशा बंदुकीचा भरवसा शंभरेक यार्डांपलीकडे धरता येत नाही. इंग्रजी शिपायाला खाचांची, देशी शिपायाला गुळगुळीत. तोफा तर गोऱ्यांच्याच हाती ठेवाव्यात ही शिफारस १८५९च्या पील आयोगाने केलीच होती. तंत्रज्ञान होतं, कारखाने होते, तयार माल होता. तरी चूक मुद्दाम नळीत घातली गेली. आपण वर मिनिटं मोजली ना, ती मिनिटं इथे राजकीय निर्णयाने वाढवलेली आहेत. संग्रहालयात काचेमागे ही बंदूक दिसली आणि पाटीवर नुसतं "एन्फिल्ड" लिहिलेलं असलं, तर नळीचं तोंड आणि मागची पट्टी बघून घ्या.

पुढे १८६६ साली ब्रिटिशांनी स्नायडरची मागून भरायची रचना स्वीकारली. तीही काटकसरीची: नवी बंदूक घडवण्याऐवजी गोदामातल्या हजारो एन्फिल्डच्या नळीचा मागचा तुकडा कापून तिथे उघडमीट होणारा ठोकळा बसवायचा. गोऱ्या पलटणींकडे पुढची मार्टिनी-हेन्री गेली, तेव्हा देशी पलटणींच्या हातात स्नायडर आली. एक पिढी मागे ठेवायचं हे धोरण होतं.

आणि पलटणीबाहेरच्या माणसाचं काय? त्यासाठी आमच्या तालुक्याशेजारी चला. द्रोणागिरीहून पनवेल गाठून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडके ४ नोव्हेंबर १८४५ रोजी इथे जन्मले. पाठ्यपुस्तकात ते "आद्य क्रांतिकारक" म्हणून येतात आणि दोन परिच्छेदांत संपतात. त्यांची नोकरी कशाची होती ते आठवतं का? पुण्यात, लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. फौजेच्या पुरवठ्यावर सरकार काय खर्च करतं ते ज्यांच्या टेबलावरून जात होतं, अशांपैकी हा एक माणूस. १८७६ ते ७८चा दुष्काळ दख्खनमध्ये त्यांनी हिंडून पाहिला आणि १८७९च्या फेब्रुवारीत रामोशी साथीदारांना घेऊन शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा घातला. पैशांसाठीच. बंड करायला पैसा हवा, पैसा मिळवायला हत्यारं हवीत आणि हत्यारं घ्यायला पुन्हा पैसा.

त्यात आदल्याच वर्षी, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला होता. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना, युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना सूट. लांब पल्ल्याची रायफल शिरढोणच्या माणसाला किती रुपयांना पडली असती, हा प्रश्नच मग फोल. ती कितीही रुपयांना मिळणार नव्हती. फडक्यांच्या लोकांकडे तलवारी होत्या, काही तोड्याच्या आणि ठासणीच्या बंदुका होत्या, पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या आखाड्यात मिळालेली तालीम होती.

अशा वेळी माणूस काय निवडतो? तो पल्लाच निकालात काढतो. रात्र, डोंगर, अचानक गाठणं. दहा फुटांवरून मिनिटांचा हिशेब लागत नाही. मे १८७९मध्ये त्यांचा साथीदार दौलतराव नाईक याने कोकणात उतरून पनवेलजवळचं पळस्पे आणि चिखली लुटलं, ते असंच. पण परत डोंगर चढताना सरकारी तुकडीने त्याला गाठलं आणि दौलतराव पडला. अंधाराने पुरवलेली जवळीक उजेडात टिकत नाही. तिथे पुन्हा पल्ला येतो, आणि पल्ला सरकारकडे होता. फडके जुलैमध्ये आजच्या कर्नाटकातल्या देवर नावदगीत मेजर डॅनिअलच्या हाती सापडले. तेही दुरून टिपल्यामुळे नव्हे. ते थकून झोपलेले असताना. एडनला काळ्या पाण्यावर असताना १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

संशोधनाच्या दृष्टीने यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. व्हिटवर्थच्या गोळ्यांचं विचलन आपल्याला फुटाच्या शंभराव्या भागापर्यंत माहीत आहे. फडक्यांच्या बंदुका कुणी टेकूवर ठेवून मोजल्या नाहीत. आकडे ज्याच्याकडे पैसा आणि वेळ होता त्याचेच उरतात. नुसत्या आकड्यांवरून "रायफलीचा इतिहास" लिहिलात तर तो आपोआप हाइथचा इतिहास होतो आणि शिरढोण त्यात येतच नाही. ते आणायचं तर कायदे, खटल्याचे कागद, फडक्यांचं आत्मकथन असं सगळं शेजारी ठेवावं लागतं. विज्ञानातून येणाऱ्यांना हे सुरुवातीला गबाळं वाटतं. तिथेही चुका मोजता येतात, फक्त एकक वेगळं असतं.

काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव केला, पुढेही करत राहिली. तरी तो कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५९चा नवा कायदा येईपर्यंत चालला. मधल्या काळात एक वेगळी वाट निघाली. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते दादासाहेब मावळणकर: मूळ कोकणातलं मराठी घराणं, जन्म बडोद्याचा, वकिली आणि राजकारण अहमदाबादचं, आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा अजून होते, नवशिक्या नेमबाजाची राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी ती नेहमीची पायरी. गांधीजींच्या मुशीतला माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष, हे वरवर विचित्र दिसतं. ज्यांच्याकडून सत्तर वर्षं बंदूक काढून घेतली होती त्यांच्या सभापतीने ते पद घेणं मला तितकंसं विचित्र वाटत नाही.

आज पनवेलमध्येच सुमा शिरूर यांची नेमबाजीची शाळा आहे. २००४च्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४००पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी करणाऱ्या त्याच. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, आणि त्यांच्या रायफलीवर दुर्बीण नसते. नियमच तसा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, तेही दुर्बिणीविनाच. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साधारण ०.३६ मिनिट, डोळ्याच्या एका मिनिटाहून बरंच कमी. मग नेम धरतात कसा? मागे बारीक भोकाची चकती, पुढे माशीच्या जागी एक कडं. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं कडं आणि दूरचं लक्ष्य दोन्ही पुरेसं स्पष्ट दिसतं, सूचिछिद्र कॅमेऱ्याचंच तत्त्व. आणि काळं वर्तुळ कड्याच्या बरोबर मध्ये आहे की नाही, ही समरूपता डोळा फार बारकाईने ओळखतो, दोन बिंदू वेगळे ओळखण्यापेक्षा कितीतरी सूक्ष्म. अंतर ठरलेलं असल्याने १८५७ची सगळ्यात मोठी चूक शून्यावर आलेली.

मग मोजके पैसे कशावर जातात? बऱ्याचदा काडतुसांवर. ०.२२ची काडतुसं एकाच कंपनीची, एकाच नावाची असली तरी प्रत्येक घाणा थोडा वेगळा निघतो आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादाच मानवतो. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणीगृहात जातात, ती टेकूवर घट्ट बसवतात आणि वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसं उडवून गोळ्यांचा घोळका किती लहान येतो ते मोजतात. जो घाणा जमला त्याची खोकी हंगामभर पुरतील इतकी एकदम उचलतात. पुढच्या वर्षी तोच घाणा मिळत नाही, पुन्हा टेकू, पुन्हा मोजणी.